स्वस्त पडलं म्हणजे काय?

काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक आमच्यासारख्या व्यापारी घरांत लहान पोरालाही सांगता येतो. रिकाम्या खोलीतला दिवा मालवणं ही काटकसर, पाहुण्याला दुसरी पोळी न विचारणं हा चिक्कूपणा. पण काटकसर आणि हाव यांत फरक काय, असं विचारलं की मोठमोठे अडतेही जरा थांबतात. कारण या दोघी एकाच पेठेत फिरतात, आणि घरी आल्यावर दोघींच्या तोंडी वाक्यही एकच असतं: स्वस्तात मिळालं.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो खेळांच्या डब्यांवरून. माझा भाचा हैदराबादला कंपनीत आहे. त्याला दारूचा नाद नाही, गाडीचा नाही. नाद आहे तो टेबलावर मांडून खेळायच्या खेळांचा. लुडो नि व्यापार आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या पलीकडे या खेळांची आता एक मोठी दुनिया झाली आहे. त्यातला कॅटान हा खेळ १९९५ मध्ये जर्मनीत निघाला. तो रचणारा क्लाउस टॉयबर पेशाने दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता. एक बेट मांडायचं, त्यावर रस्ते आणि वस्त्या करायच्या, आणि विटा, लाकूड, लोकर, धान्य यांची एकमेकांत अदलाबदल करायची. (आमच्या घरात हा खेळ पहिल्याच दिवशी सगळ्यांना आला. समोरच्याचा चेहरा बघून त्याची गरज ओळखणं, हे अडतीच्या दुकानात वाढलेल्यांना शिकवावं लागत नाही.)

असा एक डबा दोन-तीन हजारांपासून पुढे. मग त्याच खेळाची पुरवणी, मग पुरवणीची पुरवणी. पत्ते मळू नयेत म्हणून एकेका पत्त्याला प्लास्टिकचं पाकीट. छोट्या पुतळ्यांचे खेळ तर आणखीच न्यारे. सैन्य विकत घ्यायचं, रंग वेगळे विकत घ्यायचे, आणि रंगवायचं आपणच. २००९ पासून किकस्टार्टर नावाची एक सोयही झाली आहे. खेळ तयार व्हायच्या आधीच पैसे भरायचे, आणि वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची. आमच्याकडे हातात माल नसताना केलेल्या सौद्याला काय म्हणतात ते मी त्याला सांगितलं. तो हसला.

पण पोरगा उधळ्या नाही हो, तीच तर गोम आहे. सेल लागेपर्यंत तो थांबतो. चार मित्रांची खरेदी एकत्र मागवून कुरिअरचा खर्च वाटून घेतो. वापरलेले डबे निम्म्या किमतीत उचलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅरम, बुद्धिबळ, लुडो अशा खेळांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याने मला मुद्दाम फोन केला. आवाजावरून मला वाटलं पगार वाढला. त्याच्या लॅपटॉपवर हिशेबाचा तक्ता आहे. छापील किंमत किती, त्याला पडली किती, वाचले किती. गेल्या वर्षी वाचले एकेचाळीस हजार.

मी विचारलं, "एकेचाळीस वाचवायला खर्च किती झाला?"

"आत्या, तो कॉलम वेगळा."

हे ऐकून मला राग आला नाही. कारण हा तक्ता त्याने हैदराबादेत शिकलेला नाही, आमच्याच घरांतून नेला आहे. नफा विकण्यात नसतो, खरेदीत असतो, असं माझे सासरे म्हणायचे, आणि आदिलाबादच्या कापूस बाजारात हे वाक्य आजही कोणी म्हणेल. खोटंही नाही ते. पण ते कोणासाठी खरं आहे, हे पाहायला हवं. व्यापारी कापूस स्वस्तात घेतो, तो जिनिंगला जातो, रुई वेगळी होते, सरकी वेगळी होते, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि गाठी ट्रकमध्ये चढून निघून जातात. गोदाम रिकामं झालं की मग खरेदीतल्या स्वस्ताईचा नफा होतो. गोदाम भरलेलंच राहिलं तर ती स्वस्ताई नव्हे, ते अडकलेलं भांडवल. घरातल्या माणसाच्या कपाटातून मात्र काहीच निघून जात नाही. तो व्यापाऱ्याचं निम्मंच वाक्य घेतो आणि जन्मभर खरेदी करत राहतो. साड्यांच्या बाबतीत आम्ही बायकांनी हेच केलं, स्टीलच्या डब्यांच्या बाबतीत तर सर्रास केलं. भाच्याने खेळांच्या बाबतीत केलं, एवढाच फरक.

आमच्याकडे श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण नावाचं एक व्रत आहे. सगळं सोडून द्या असं ते म्हणत नाही, ते मुनींसाठी. गृहस्थाला ते इतकंच सांगतं की आपल्याजवळ किती असावं याचा आकडा आधी ठरव. शेत किती, घरं किती, सोनं किती, धान्य किती, भांडीकुंडी किती. माझं लक्ष इथे एका गोष्टीकडे जातं. या यादीत भावाचा रकानाच नाही. महाग घेतलंस की स्वस्त, सेलमध्ये की वापरलेलं, हे व्रत विचारतच नाही. ते विचारतं, किती आहे? भाच्याच्या तक्त्यात नेमका हाच एक रकाना नव्हता.

मी त्याला व्रत घे म्हटलं नाही. आजकालच्या मुलांना व्रत म्हटलं की उपास आठवतो. मी म्हटलं, आकडा ठरव. त्याने बराच विचार करून वीस ठरवला. वीस डबे, एकविसावा आला तर एक जाणार.

सहा महिन्यांनी वीसच होते. पण कसे? तीन पुरवण्यांचे डबे फेकून त्यांतला माल मूळ डब्यात कोंबला होता; झाकण बसत नव्हतं म्हणून रबर लावलं होतं. हा म्हणे एकच डबा. आणि दोन खेळ तो दिवाळीला आदिलाबादला घेऊन आला आणि इथेच ठेवून गेला. "आत्याकडचे मोजायचे नाहीत," असं त्याने मित्रांना सांगितल्याचं मला नंतर कळलं.

तेव्हा मी त्याला बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या योगशास्त्रात या सगळ्या पळवाटा टिपून ठेवलेल्या आहेत. इतकीच घरं ठेवीन असा नेम केला आणि शेजारचं घर घ्यायचा मोह झाला, तर मधली भिंत पाडायची. दोन्हींचं एक घर झालं. शेतांचंही तसंच, मधला बांध काढायचा. भांड्यांची संख्या ठरली असेल तर दोन लहान मोडून एक मोठं करायचं. नेम ठरावीक मुदतीचा असेल तर जादा सोनं तेवढ्या काळापुरतं दुसऱ्याच्या हवाली करायचं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या गुजरातेतले सावकार आणि आजची हैदराबादची कंपनीतली पोरं, डोकं एकच! अशा वागण्याला व्रत मोडलं असं म्हणत नाहीत, अतिचार म्हणतात; व्रत उभं आहे पण त्याला डाग लागला. भाचा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "रबर काढतो."

आता पैशांकडे येऊ. आमच्या धंद्यात भावापेक्षा 'पडता' महत्त्वाचा. माल, हमाली, तोलाई, गाडीभाडं, घट, सगळं धरून नग शेवटी कितीला पडला तो पडता. खेळाचा पडता काढायचा तर एका डावाला एका माणसामागे किती पडले ते पाहायचं. तीन हजारांचा डबा, चौघे खेळले, तीनदा उघडला: माणशी अडीचशे. तेवढ्यात आदिलाबादेत दोन माणसं पोटभर जेवतील. आता आमचा घरचा कॅरम घ्या. तसा चांगला कॅरम आज घ्यायचा तर तोही तीनेक हजारांना पडेल. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. वर्षाला शंभर डाव धरा, तीस वर्षं धरा, तीन हजार डाव होतात. डाव रुपयाला पडला आणि माणूस चार आण्याला. बोरिक पावडरीचे वेगळे धरले तरी आठ आण्यांवर जात नाही.

म्हणजे खेळावरचे पैसे वाचवायचा खरा उपाय डबा स्वस्तात घेणं हा नाहीच, आहे तो डबा पुन्हा उघडणं हा आहे. हे मी भाच्याला सांगितलं आणि त्याने लगेच तक्त्यात नवा कॉलम टाकला. इथवर ठीक होतं. पण पुढे एक गंमत झाली. न आवडणारा एक खेळ तो मित्रांना धरून धरून खेळायला लागला. का, तर पडता खाली यावा म्हणून. लग्नाच्या बुफेत ताट भरून घेणारे आणि घरी येऊन हिंगाष्टक मागणारे लोक आपण पाहतो. पैसे वसूल झाले पाहिजेत! खेळ वसूल करण्यासाठी खेळायला लागलो की ती नोकरी झाली, आणि तीही बिनपगारी. न आवडणारा डबा विकून टाकावा, नाहीतर देऊन टाकावा. तोटा एकदा लिहावा आणि पान उलटावं. व्यापाऱ्याला हे जमतं, गिऱ्हाइकाला का जमू नये?

स्वस्ताईचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्याला स्वस्त पडलं, ते कुणाला महाग पडलं? आदिलाबादहून नागपूर-हैदराबाद रस्त्याने दक्षिणेला निघालं की महबूब घाट उतरून निर्मल येतं. २०१६ मध्ये त्याचा वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. तिथली लाकडी खेळणी आणि चित्रं प्रसिद्ध आहेत. पोनिकी नावाचं हलकं लाकूड, सांधे भरायला लाकडाचा भुसा आणि चिंचोक्यांची खळ, वर रंग. हेच निर्मलचे नकाश एके काळी गंजिफाही रंगवत. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा-बारा, असे १२० पत्ते. एकेक पत्ता माणसाच्या हातून जायचा. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंतावर किंवा कासवाच्या कवचावर रंगवलेली दरबारी कलम, आणि सामान्यांसाठी खळ लावलेल्या कापडाची किंवा कागदाची बाजार कलम. खेळ तोच, नियम तेच. म्हणजे छंदातली चढाओढ आणि छंदातली काटकसर, दोन्ही आपल्याकडे जुन्याच. कोकणात सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ही कला पुन्हा उभी केली नसती तर मराठी मुलखात गंजिफा हा शब्दही उरला नसता.

भाच्याला एका खेळासाठी प्लास्टिकच्या पुतळ्यांऐवजी लाकडी सोंगट्या हव्या होत्या. आम्ही निर्मलला गेलो. कारागिराने भाव सांगितला, आणि भाच्याने सवयीनं निम्म्यावर आणला. कारागीर हसला नाही, चिडलाही नाही. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. मी भाच्याला बाजूला घेऊन म्हटलं, इथे नाही. कंपनीच्या डब्यावर सेल लागतो तो कंपनीने आपला हिशेब करून लावलेला असतो; त्यासाठी तू वर्षभर थांब, माझी हरकत नाही. इथे समोरच्या माणसाजवळ कमी करायला दुसरं काहीच नाही, त्याचा दिवस तेवढा आहे. पोनिकीचं लाकूड जंगलात पूर्वीसारखं मिळत नाही, ते त्याला चढ्या भावानेच घ्यावं लागतं. तू पाडलेला भाव लाकडातून वजा होत नाही, त्याच्या मजुरीतून होतो.

यावर भाचा म्हणाला, "मग तुम्ही कापूसवाल्या शेतकऱ्याशी घासाघीस करता ती?" उत्तर द्यायला मला घाट चढेपर्यंत वेळ लागला आणि ते उत्तरही अर्धंच होतं. बाजारात दोन्ही बाजूंना दुसरं गिऱ्हाईक असतं, असं मी म्हटलं. दरवर्षी असतंच असं नाही, हे आदिलाबादेत राहणाऱ्याला सांगायला नको.

तिसरा प्रश्न नकलेचा. हा त्याचा सगळ्यांत हुशार युक्तिवाद. "आत्या, आपल्या ग्रंथभांडारांत काय आहे? नकलाच ना सगळ्या? लोक पैसे देऊन शास्त्र लिहवून घ्यायचे आणि दान करायचे. त्याला तुम्ही शास्त्रदान म्हणता. मग मी नेटवरून एका खेळाचा पट उतरवून छापला तर मी चोर?"

प्रश्न चांगला आहे. त्यात भर म्हणून सांगते, खेळांच्याही अशा नकला आमच्याकडे होत आल्या आहेत. सापशिडी ही मूळची इकडचीच. जैनांत तिला ज्ञानबाजी किंवा ज्ञानचौपड म्हणत. ८४ घरांचा पट, घराघरांत पुण्य-पापाची, कर्मांची, स्वर्ग-नरकांची नावं, सापांनी खाली यायचं, शिडीने वर, आणि सगळ्यांत वर सिद्धशिला. पर्युषणात श्रावक-श्राविका कवड्या टाकून तो खेळत. इंग्रजांनी तो विलायतेत नेऊन १८९२ च्या सुमारास छापला आणि कर्मांची नावं हळूहळू गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या. तर हे जुने पट कागदावर, कापडावर हातानं उतरवलेले असत. कोणी रचला, कोणाला पैसे द्यायचे, हा प्रश्नच नव्हता.

पण दोन गोष्टी तिथे होत्या, त्या भाच्याच्या प्रिंटरमध्ये नाहीत. एक तर लिहिणाऱ्याला मजुरी मिळत होती. नक्कल फुकट नव्हती, उलट महाग होती. दुसरं, शास्त्र रचणाऱ्याचं पोट त्या पोथीच्या विक्रीवर नव्हतं. आज खेळ रचणारा माणूस जिवंत असतो, त्याच्या घरी वीजबिल येतं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्याचं तत्त्व मला पटण्यासारखं वाटतं. खेळाची कल्पना, तो कसा खेळायचा ही रीत, कुणाच्या मालकीची नाही; चित्रं आणि लिहिलेला मजकूर मात्र ज्याचा त्याचा. म्हणजे पुठ्ठ्यावर आपल्या हातानं रेघा मारून, चिंचोके आणि बटणं घेऊन कुठलाही खेळ घरी मांडा, खुशाल मांडा. दुसऱ्याने काढलेली चित्रं जशीच्या तशी छापून घेऊ नका. आमच्या अचौर्य व्रतातही चोरी म्हणजे फक्त घर फोडणं नव्हे. चोरून आणलेलं घेणं आणि खऱ्याच्या जागी खोटं खपवणं, हे दोन्ही त्या व्रताचे अतिचार म्हणून सांगितले आहेत. शिवाय आता कित्येक खेळ रचणारे घरी छापून घ्यायची प्रत स्वतःच फुकट किंवा थोडक्यात देतात. तिथे तर प्रश्नच मिटतो.

एक कोपरा मात्र मलाही बोचतो. जो खेळ आता छापलाच जात नाही, ज्याचे पैसे द्यायचे म्हटले तरी घेणारा कोणी नाही, त्याची नक्कल? भाचा म्हणतो ती चोरी नाही, जतन आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बाई, एवढा खल कशाला? खेळूच नका, सगळेच पैसे वाचतील. आमच्या समाजात हे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते याला धर्माचा आधारही देतात. द्यूत हे सप्तव्यसनांतलं पहिलं, म्हणून कवड्याच नकोत. निरर्थक कामं टाळावीत असं सांगणारं अनर्थदंड-विरती व्रत आहे, म्हणून खेळच नको. मला हे पटत नाही. द्यूत कवडीत नसतं, लावलेल्या पैशात असतं. माझ्या सासूबाई शेजारच्या तेलुगू अक्कांबरोबर दुपारी अष्टा-चम्मा खेळत. फरशीवर खडूनं पाच-पाच घरांचा चौकोन, चार कवड्या; चारही उताण्या पडल्या तर चम्मा म्हणजे चार, चारही पालथ्या पडल्या तर अष्टा म्हणजे आठ. मराठीत त्याला चल्लस-आठ म्हणतात. सासूबाई चल्लस म्हणायच्या, अक्का चम्मा म्हणायच्या, भांडण कधी झालं नाही. एक पैसा लागत नव्हता, ना पट मांडायला ना डावावर. घरातले पुरुष जाता-येता, काय जुगार मांडलाय, असं म्हणून जायचे. आणि जायचे कुठे, तर उद्या सरकी चढणार की उतरणार यावर बोलायला! मुंबईत ज्याला पुढे मटका म्हणू लागले तो आकड्यांचा जुगार सुरुवातीला न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवरच लागत असे, हे सासूबाईंना ठाऊक असतं तर त्यांनी एखाद्या दिवशी सुनावलं असतं.

न खेळून वाचवलेल्या पैशातही हाव असू शकते. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत लोभ शेवटी येतो आणि शेवटी जातो असं आम्ही ऐकत आलो. जो माणूस आपल्या दुपारीतला एक तासही कोणाबरोबर खर्च करायला तयार नाही, तो निर्लोभी कसा?

फोनवरच्या फुकट खेळांबद्दल थोडकंच. ते फुकट असतात तोवर माणसाचा वेळ घेतात आणि फुकट राहत नाहीत तेव्हा घर घेतात. तेलंगणाने २०१७ मध्ये पैसे लावायची ऑनलाइन रमी बंद केली आणि २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायदा आणला. कायदा व्हावा लागला, एवढ्यावरून काय ते समजा.

आता भाच्याचं शेवटचं उत्तर सांगते, कारण ते तक्त्यात नव्हतं. रबर काढल्यावर, आकडा खरोखर वीसवर आल्यावर मी त्याला विचारलं, "यातले खेळलास किती?" म्हणाला, "नऊ." बाकीचे? "आत्या, चार जण एका वेळी मोकळे सापडत नाहीत. एकाची शिफ्ट रात्रीची, एकाला लहान बाळ, एक शहराच्या दुसऱ्या टोकाला. शनिवारी रात्री कोणीच येत नाही असं झालं की मी बसून नवा खेळ शोधतो. वाटतं, हा आणला तर येतील."

म्हणजे तो डबे विकत घेत नव्हता. तो चार माणसं विकत घ्यायला निघाला होता आणि दुकानात डबेच मिळत होते. हे ऐकल्यावर त्याच्या एकेचाळीस हजारांवर हसणं मला जमलं नाही. या छंदातली सगळ्यांत महाग वस्तू डब्यात येतच नाही.

सासूबाईंच्या काळी ती फुकट होती असं म्हणायचा मोह होतो, पण तेही खरं नाही. त्यांची दुपार मोकळी होती कारण बाकीचा दिवस चुलीला बांधलेला होता. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण; चार वाजले की सोंगट्या कुठेही असोत, पट पुसून त्यांना उठावं लागे. अर्धा डाव कधी पुरा झाला नाही. अक्का म्हणायच्या, उद्या इथूनच. उद्या कुणालाच आठवत नसे.

भाच्याने आता निराळं काहीतरी सुरू केलं आहे. त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीची एक खोली आहे. तिथे त्याने आठ डबे नेऊन ठेवले, वही ठेवली, कोणीही न्यावं, लिहून न्यावं. वापरून खराब होतील म्हणून त्याला झोप लागत नव्हती, हे त्याच्या आईने सांगितलं. पत्त्यांची प्लास्टिकची पाकिटं तेवढी चढवली, मग झोपला.

आणि त्याचे दोन डबे अजून माझ्याकडे आहेत. ते मोजायचे की नाही, आणि मोजायचे तर कुणाच्या नावावर, हा वाद मिटलेला नाही. त्यातला एक कॅटानचा. शेजारी अक्कांच्या नाती आहेत, तेलुगू शाळेत जाणाऱ्या. त्या दर रविवारी येऊन बेट मांडतात, माझ्याकडून विटा स्वस्तात काढून घेतात आणि मेंढ्या महाग विकतात. गेल्या महिन्यात लाल रस्त्याची एक कांडी हरवली. धाकटीने काडेपेटीतली काडी घेतली, गुल खरवडून काढला आणि त्या जागी ठेवली. भाच्याला मी अजून सांगितलेलं नाही; सुटा भाग मागवायला निघेल, वर कुरिअर वेगळं.